पानाचा तळमजला

मोठ्या आजीची ओवी मी पुसली, तेव्हा स्क्रीनवर हिरवी खूण उमटली होती. फाइल व्हॅलिड आहे, अशी.

मोठी आजी म्हणजे माझ्या आजीची थोरली जाऊ. मुळशी तालुक्यात एकाच घरात दोघी नांदल्या आणि वर्षानुवर्षं एकाच जात्याला समोरासमोर बसल्या. एका दिवाळीत मी दोघींना ओसरीवर बसवून फोनवर ओव्या रेकॉर्ड केल्या आणि पुण्याला परतल्यावर टाइप करायला घेतल्या. नोकरीत तेव्हा मला एक्सएमएल शिकून घ्यायचं होतं. म्हटलं, सरावाला घरचाच मजकूर घेऊ.

एक्सएमएल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मजकुराच्या तुकड्याच्या आधी आणि नंतर एक खूण लावायची, तिला टॅग म्हणतात. हा तुकडा शीर्षक आहे, हे गायिकेचं नाव आहे, असं त्यामुळे कॉम्प्युटरला कळतं. टॅगची नावं आपली आपण ठरवायची असतात आणि ती देवनागरीतही चालतात. (हे कळल्यावर मला झालेला आनंद जरा पोरकटच होता.) माझी नोंद अशी दिसायची:

<ओवी क्रमांक="१२">
<गायिका>आजी</गायिका>
<मजकूर>…</मजकूर>
</ओवी>

कुठला टॅग कुठल्याच्या पोटात येणार, किती वेळा येणार, कुठला नसला तरी चालेल, याची जी नियमावली असते तिला स्कीमा म्हणतात. कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भरताना लाल ताऱ्याचा रकाना रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नाही, त्यातलाच प्रकार. ज्याला मधलं नावच नाही तो बिचारा त्या रकान्यात टिंब टाकून पुढे जातो. फॉर्म बनवणाऱ्यानं माणसांविषयी काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि ते चुकलं तरी फॉर्मला त्याचा पत्ता लागत नाही. मीही गृहीत धरलं होतं: एका ओवीला एक गायिका, एक मजकूर.

बाराव्या ओवीत दोघींची पहिली ओळ जुळली आणि दुसरी फुटली. दोघी थांबल्या, एकमेकींकडे बघून हसल्या, मग प्रत्येकीनं आपापली पुरी केली. मी दोन्ही टाइप केल्या. स्कीमानं सांगितलं, मजकूर दोनदा आलाय, एकदाच चालेल. रात्रीचे अकरा वाजले होते. मी मोठ्या आजीची ओळ पुसली आणि हिरवी खूण घेऊन झोपले. पुढच्या वर्षी ती गेली. फोन त्याआधीच पावसात भिजून बंद पडला होता. तिच्या ओळीत बैलगाडी होती, एवढंच मला आता आठवतं.

पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या होत्या, प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आज वाचता-ऐकता येतात. ते मी आधी पाहिलं असतं तर कदाचित शहाणी झाले असते. पण मी शिकत होते कॉम्प्युटरच्या बाजूनं, त्यामुळे मला रस्ता सापडला तोही तिकडूनच.

१९८७च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजमध्ये भाषा-साहित्याचे अभ्यासक आणि कॉम्प्युटरवाले एकत्र बसले. जुने ग्रंथ, पत्रं, नाटकं, शब्दकोश कॉम्प्युटरवर उतरवायचे तर खुणा कुठल्या लावायच्या, यावर एकमत करायचं होतं. त्यातून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, उभं राहिलं. त्यांची मार्गदर्शिका प्रचंड आहे. तिच्यात एक प्रकरण आहे एकाच मजकुराच्या अनेक पाठांविषयी. एक टॅग निवडलेल्या पाठासाठी, एक प्रत्येक वेगळ्या पाठासाठी, आणि प्रत्येक पाठावर तो कुठल्या प्रतीतून आला याची नोंद. त्या प्रतीला ते साक्षीदार म्हणतात. साक्षीदार हा शब्द वाचला आणि बारावी ओवी डोळ्यांसमोर आली. दोन साक्षीदार होत्या, त्यातल्या एकीचा जबाब मी फाडून टाकला होता.

त्या प्रकरणातली उदाहरणं मला परकी होती, लॅटिन आणि जुन्या इंग्रजीची. पण रचना ओळखीची वाटत होती. मग आठवलं की असलं काही आपल्याकडे विधी महाविद्यालय रस्त्यावर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी कागदावर झालेलं आहे. मी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं आदिपर्व मिळवलं आणि पहिल्यांदा श्लोक न वाचता नुसतं पान बघत बसले.

पानाला दोन मजले आहेत. वर ठसठशीत अक्षरांत संपादकांनी निवडलेला पाठ. खाली बारीक अक्षरांत पाठभेद: कुठल्या श्लोकात, कुठल्या शब्दाच्या जागी, कुठल्या पोथीत काय आहे. पोथ्यांना लिपीप्रमाणे अक्षरचिन्हं दिलेली. शारदेचं वेगळं, बंगालीचं वेगळं, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम यांचं वेगळं, आणि त्यापुढे पोथीचा अनुक्रमांक. एखाद्या पोथीत ओळ नसेल तर तसं नोंदवलेलं, पान गहाळ असेल तर तेही. वरच्या मजल्यावरही काही अक्षरांखाली नागमोडी रेघ दिसते. तिचा अर्थ, हा पाठ निवडला खरा, पण खात्री कमी. टीईआयमध्ये खात्री किती ते सांगायला चक्क एक गुणधर्म आहे. भांडारकरच्या छापखान्यानं ते काम एका रेघेत उरकलं होतं.

हे पान एका दिवसात सुचलेलं नाही. संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि १९१९ मध्ये महाभारताचं काम हाती घेतलं गेलं. देशभर, अनेक लिप्यांत पसरलेलं इतकं मोठं काव्य, त्याच्या पोथ्या एकमेकींशी न जुळणाऱ्या. कसं छापायचं याचा नमुना डोळ्यांसमोर नव्हता. १९२३ साली नारायण बापूजी उत्गीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती अभ्यासकांकडे अभिप्रायासाठी गेली. आजच्या भाषेत ही बीटा आवृत्ती. अठरांतलं एक बेताचं पर्व घेऊन आराखडा तपासायचा, लोकांचे शेरे घ्यायचे, मग मोठ्या पर्वाला हात घालायचा. (मी मात्र पहिल्याच रात्री सगळ्या ओव्यांवर स्कीमा चालवला होता.)

१९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतचा डॉक्टर झालेला माणूस. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झालं तेव्हा त्यांनी जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तिच्यात काम कसं चाललं याचा तपशील आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाठ जुळवण्याच्या तक्त्याचा.

शास्त्री मंडळी हा तक्ता भरत. सगळ्यात वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, अक्षर-अक्षर सुटं करून, एकेका चौकोनात. खाली एकेका पोथीला एकेक आडवी ओळ. ज्या अक्षरात फरक असेल त्याच अक्षराखालच्या चौकोनात तो फरक लिहायचा. त्यामुळे उभं पाहिलं की एका अक्षराचा सगळा इतिहास दिसतो आणि आडवं पाहिलं की एका पोथीचा स्वभाव. एक्सेल शीट म्हणा हवं तर. पण एक्सेलमध्ये नसलेली एक गोष्ट त्यात होती. उजवीकडे चार इंच रुंदीचा मोकळा रकाना. पोथीतल्या दुरुस्त्या, समासात कुणीतरी मागून लिहिलेलं, या श्लोकाच्या आगेमागे एखाद्याच पोथीत सापडणारे जास्तीचे श्लोक, हे सगळं तिथे. आणि जास्तीचा भाग फारच लांब असला तर तो वेगळ्या कागदावर उतरून शेवटी जोडायचा. त्या कागदाला शोधपत्र म्हणत.

चौकोन, रकाना, शोधपत्र. स्कीमाच्या पुस्तकात पहिल्या धड्यात जे शिकवतात ते हेच. काही गोष्टी असायलाच हव्यात, काही असल्या तर असतील, काही कितीही वेळा येतील. पण पुस्तकं हे व्याकरणासारखं शिकवतात. तक्ता पाहताना मला जाणवलं ते वेगळं. तो आखणाऱ्यानं, आपल्याला पोथ्यांत काय सापडणार हे ठाऊक नाही, हे आधीच कबूल केलं होतं आणि त्या न ठाऊक असलेल्याला चार इंच मोजून दिले होते. शिवाय हे काम एकट्या पुण्यात चालत नव्हतं. शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही पाठ जुळवले जात होते. तिथून आलेलं काम पुण्यातल्या कामाशेजारी ठेवून वाचता यायचं तर आखणीत घरोघरचे फरक परवडणारे नव्हते.

तक्त्यातल्या जास्तीच्या श्लोकांचं छापील पानावर काय झालं? छोटे असतील तर ते तळमजल्यावर गेले, क्रमांकापुढे तारा लावून. त्यांना तारांकित श्लोकच म्हणतात. मोठे असतील तर पर्वाच्या शेवटी परिशिष्टात. एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक्सएमएलचे नियम लिहायची सर्वांत जुनी पद्धत आहे डीटीडी. तिच्यात टॅगपुढे तारा टाकला की अर्थ होतो, हा भाग एकदाही येणार नाही किंवा कितीही वेळा येईल. महाभारतातल्या ताऱ्याचंही वर्तन तंतोतंत तसंच आहे.

आता या व्यवस्थेत काय पणाला लागलं होतं ते पाहा. गणपतीनं महाभारत लिहून घेतलं, व्यासांनी अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही गोष्ट मराठी घरात ज्याला ठाऊक नाही असं मूल सापडणार नाही. सुखठणकरांसमोरच्या पोथ्यांची साक्ष मात्र अशी होती की हा प्रसंग मागाहून आलेला आहे. त्यांनी तो वरच्या मजल्यावरून काढला. सभापर्वाचं संपादन अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं, ते १९४४ साली छापून झालं. त्यात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग वरच्या पाठात नाही. वस्त्रामागून वस्त्र येत राहतं, पण ते कोण पुरवतो हे तिथे सांगितलेलं नाही.

दोन्ही प्रसंग ग्रंथात आहेत, मात्र. गणपती आदिपर्वाच्या परिशिष्टात बसलेला आहे, कृष्णाचा धावा तळमजल्यावर तारा लावून उभा आहे. कुठल्या पोथीत आहे, कुठल्यात नाही, सगळं शेजारी लिहिलेलं. सुखठणकरांनाही शेवटी एकच मजकूर वर ठेवायचा होता, मला ठेवायचा होता तसाच. फरक इतकाच की निवड केल्यावर त्यांनी बाकीचं पुसलं नाही. ज्याला निवड पटणार नाही त्याच्या हाती त्यांनी स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा दिला.

आणि निवड सगळ्यांना पटली नव्हतीच. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचं म्हणणं होतं की मूळ पाठ शोधण्याच्या नादी लागू नये, नीलकंठाचा प्रचलित पाठ छापावा आणि खाली भेद द्यावेत. सुखठणकरांनी प्रस्तावनेत त्याला उत्तर दिलं. वाद अजून मिटलेला नाही आणि माझ्या मते मिटायची गरजही नाही. तळमजला शाबूत असल्यामुळे लेव्हींच्या बाजूचा वाचकसुद्धा हेच खंड उघडून आपलं महाभारत जुळवू शकतो.

सुखठणकर १९४३ साली गेले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादनाची धुरा घेतली. १९६६ साली, १२५९ हस्तलिखितं धुंडाळून, काम पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं, तीन प्रमुख संपादक, आणि पानाचा आराखडा तोच.

कॉम्प्युटरवर हे महाभारत पहिल्यांदा चढवलं जपानच्या मुनेओ टोकुनागा यांनी. १९९०च्या दशकात त्यांनी संपूर्ण निवडलेला पाठ टाइप केला. पुढे केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. आज संस्कृतचे विद्यार्थी फोनवर एखादा शब्द शोधतात तेव्हा या दोघांचे त्यांच्यावर उपकार असतात. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पहिल्या फेरीत वर गेला तो वरचा मजला. साहजिक आहे. सरळ रांगेतला मजकूर टाइप करता येतो, तळमजला टाइप करायला आधी आराखडा लागतो.

तो आराखडा अवघड का, हे मला गीतेनं समजावलं. एक्सएमएल झाडासारखं असतं. एका टॅगच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद व्हायला हवा. महाभारत यात छान बसेल असं वाटतं. सौती शौनकाला सांगतोय की वैशंपायनानं जनमेजयाला काय सांगितलं. त्यात संजय धृतराष्ट्राला सांगतोय, त्याच्या पोटात कृष्ण अर्जुनाला. चार टॅग एकात एक. पण अध्यायाचाही टॅग हवा ना? तिसरा अध्याय संपतो तेव्हा कृष्णच बोलत असतो आणि चौथ्यात बोलणं पुढे चालू राहतं. आता बोलणं अध्यायाच्या पोटात घालायचं की अध्याय बोलण्याच्या? दोन्ही झाडं खरी आहेत आणि ती एकमेकांना छेदतात. टीईआयवाल्यांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय. एक उपाय असा की बोलण्याचे दोन तुकडे करायचे, अध्याय संपताना टॅग बंद करायचा, नव्या अध्यायात पुन्हा उघडायचा आणि दोन तुकडे एकच आहेत अशी खूण ठेवायची. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला पाहा, कृष्णच बोलत होता तरी पुन्हा 'श्रीभगवानुवाच' आलेलं आहे. हे वाचून मी लोकलच्या गर्दीत असते तर शेजारणीला सांगितलं असतं. घरी एकटीच होते.

महाभारतावर शिकून माझं भागलं असतं, पण कोश राहिला होता. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, येरवड्याला, डेक्कन कॉलेजात एक खोली आहे, तिला स्क्रिप्टोरियम म्हणतात. तिथल्या धातूच्या खणांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वावरच्या संस्कृत कोशाचं काम सुरू केलं, त्याच्या या चिठ्ठ्या. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द वेचण्यातच पंचवीस वर्षं गेली. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली बाहेर पडला. आजवर तीसहून अधिक भाग निघालेत आणि अजून 'अ' चालू आहे. यावर हसायला येतं खरं, पण संस्कृतात नकारार्थी शब्द 'अ' लावूनच होतात हे आठवलं की हसू ओसरतं.

चिठ्ठीवर शब्द असतो, त्याचं व्याकरण, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि ग्रंथातला नेमका पत्ता. एक चिठ्ठी म्हणजे एका शब्दाचा एका ठिकाणचा एक वापर. शब्दाचे अर्थ किती आणि त्यांचा क्रम काय, हे संपादक ठरवतात ते सगळ्या चिठ्ठ्या काळाच्या ओळीनं मांडल्यावर. नोंद आधी, निर्णय नंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर. निर्णय उद्या बदलला तरी चिठ्ठी जागेवर असते. माझ्या बाराव्या ओवीत मी नोंद आणि निर्णय एकाच टॅगमध्ये कोंबले होते.

या कोशाचा आदर्श होता ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश. तोही चिठ्ठ्यांवर उभा राहिला आणि त्याच्या चिठ्ठ्यांच्या खोलीलाही स्क्रिप्टोरियमच म्हणत. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डनं तो सगळा कोश कॉम्प्युटरवर घेतला. शंभरहून अधिक टायपिस्टांनी तो खुणांसकट टाइप केला: हा शब्द, हा उच्चार, हा अर्थ, हे अवतरण, हे साल. त्यात शोध घ्यायचं सॉफ्टवेअर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात बनलं. तिथे त्या कामात टिम ब्रे नावाचा प्रोग्रामर होता. १९९८च्या फेब्रुवारीत एक्सएमएलची पहिली अधिकृत आवृत्ती आली, तिच्यावर तीन संपादकांची नावं आहेत. एक टिम ब्रे. दुसरे मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन, म्हणजे टीईआयच्या मार्गदर्शिकेचे संपादक. तिसरे मायक्रोसॉफ्टचे जाँ पाओली. तिघांतले दोघं शब्दकोश आणि जुन्या ग्रंथांच्या वाटेनं आलेले. ऑफिसात मी एक्सएमएल शिकत होते ते बिलांच्या फाइलींसाठी. ते घडवणाऱ्यांच्या हाताला आधी चिठ्ठ्यांची धूळ लागली होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मी ओव्यांचा स्कीमा पुन्हा लिहिला. गायिका आता ओवीच्या पोटात नाही. सगळ्या साक्षीदारांची यादी फाइलच्या सुरुवातीला, नाव, गाव, माहेर यांसकट. ओवीच्या आत ओळी, ओळीच्या आत एक किंवा अधिक पाठ, आणि प्रत्येक पाठावर साक्षीदार सक्तीचा. पाठाचा मजकूर कमी-जास्त असू दे, पण कुणी सांगितला हे कळल्याशिवाय फाइल व्हॅलिड होणार नाही. प्रत्येक ओवीच्या शेवटी एक शेऱ्याचा टॅग, नसला तरी चालेल, कितीही वेळा आला तरी चालेल. त्याचं नाव मी 'चार-इंच' ठेवलंय.

बाराव्या ओवीचं काय करायचं यावर मी बरेच दिवस अडले होते. टीईआयमध्ये त्यालाही टॅग आहे: इथे काहीतरी होतं, आता नाही, असं सांगणारा, आणि कारण लिहायला त्याला गुणधर्म आहे. वाळवी, पाणी, फाटलेलं पान अशी कारणं त्यात लिहितात. मी लिहिलं:

<ओळ क्रमांक="२">
<पाठ साक्षी="आजी">…</पाठ>
<पाठ साक्षी="मोठी-आजी">
<रिक्त कारण="टाइप करणारीनं पुसला"/>
</पाठ>
</ओळ>

हिरवी खूण आली.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा लॅपटॉप उघडून आजीला एकेक ओवी वाचून दाखवली. बाराव्याला थांबले आणि झालं ते सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आगं, त्यांची निराळीच हुती. गाडी हुती त्यात." मग डोळे मिटून हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवत तिनं अर्धी ओळ म्हटली, थांबली, पुन्हा म्हटली, आणि दुसऱ्या वेळी शेवटचा शब्द बदलला. "ह्येच का त्ये, काय सांगावं. त्या माहेरच्या चालीवर म्हनायच्या."

मी फोनवर ते रेकॉर्ड केलं आणि रात्री फाइल उघडली. ओळ मोठ्या आजीची, सांगणारी आजी, तीही दोन प्रकारे, खात्री कमी. माझ्या स्कीमात पाठाला एकच साक्षीदार देता येत होता. सुखठणकरांपुढेही असे परभारे साक्षीदार होते. जुन्या जावा भाषेतलं महाभारत, काश्मिरी क्षेमेंद्राची भारतमंजरी, टीकाकारांनी जाता जाता नोंदलेले दुसऱ्यांचे पाठ. त्यांची साक्षही त्यांनी टाकून दिली नाही, पण पोथ्यांच्या रांगेत न बसवता वेगळी धरली. मी प्रस्तावनेतलं ते पान शोधलं, वाचलं, आणि स्कीमाची फाइल पुन्हा उघडली.